सकाळच्या लग्नाची फुलं

निशिगंधाचा वास आला की बहिणीचं लग्न आठवतं. येरवड्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. आई चार घरी पोळ्या लाटायची आणि मंडपाच्या सजावटीला पैसे घातले तर माझी शेवटच्या वर्षाची फी राहणार होती. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या कार्यालयात त्याच दिवशी सकाळी दुसऱ्यांचं लग्न आहे हे कळल्यावर आई मला घेऊन थेट त्या वधूच्या पेठेतल्या घरी गेली. “अहो ताई, आमचा मुहूर्त गोरज आहे. तुमची फुलं तशीच राहू द्या, निम्मा खर्च आमचा.” वधूच्या आई म्हणाल्या, “नवरदेवही ठेवून जाऊ का?” मी लाजेनं मान खाली घातली, आई मात्र हसून म्हणाली, “नको, जावई आमचा ठरलाय.” त्याही हसल्या आणि कबूल झाल्या. संध्याकाळी त्याच फुलांखाली बहीण ताठ मानेनं बोहल्यावर उभी राहिली. वाचलेल्या पैशांतून माझी फी भरली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आहे.