दोघांची नावं

तापलेल्या प्रोजेक्टरचा वास आला की धुळ्याच्या चर्चमधला तो रविवार आठवतो. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सिनेमा दाखवला: पुरुषावर प्रेम करणारा तरुण प्रार्थनेने ‘बरा’ होतो आणि लग्न करून मोकळा होतो. हा सिनेमा मावशीसाठीच निवडलाय, असा मला संशय होता, कारण तिचा मुलगा पुण्यात मित्राबरोबर राहायचा. नंतर पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, ‘कोणासाठी प्रार्थना करायची?’ मावशीने हात वर केला, तशा सगळ्यांच्या माना वळल्या. ‘साहेब, पोराच्या मित्राला टायफॉईड झालाय. पोरगा एकटाच त्याचं सगळं करतोय. दोघांची नावं एकत्र घ्या.’ प्रार्थनेची विनंती नाकारायची पद्धत नव्हती. त्यांनी घसा साफ करून नावं घेतली, आम्ही ‘आमेन’ म्हणालो. तिथे दोन नावं अशी जोडून एरवी फक्त लग्न जाहीर करतानाच घेत. मावशीच्या हे ध्यानात नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.