आधी विचारा, मग घाबरा

मावशी पर्समधून स्वतःचं रहिवासी कार्ड काढायच्या, ओढणीच्या टोकानं पुसायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि समोरच्या कंपनीमालकाला म्हणायच्या, "आधी विचारा, मग घाबरा." हे आधी जपानीत, आणि तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही म्हणून पुन्हा एकदा मराठीत. मालकाला मराठी कळत नसे. मावशींचं त्यावाचून काही अडत नसे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या चपला दारात दिसल्या की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. जपानमधल्या कावासाकीत आम्हा मराठी मंडळींसाठी त्या मावशी होत्या. सख्ख्या कुणाच्याच नाहीत. नवऱ्याच्या बदलीबरोबर ठाण्याहून आल्या, जपानी शिकल्या आणि इमिग्रेशनचे अर्ज भरून देणाऱ्या ऑफिसात लागल्या. परदेशी माणसाला कामावर ठेवताना त्याचं कार्ड कसं तपासायचं, हे छोट्या कंपन्यांच्या मालकांना शिकवणं हे त्यांचं काम. कार्डात चिप असते. सरकारी ॲप असलेला मोबाइल त्यावर टेकवला की खरं-खोटं कळतं. पण मालकांचा सगळा विश्वास झेरॉक्सवर.

"झेरॉक्स काय, माझ्या लग्नाच्या फोटोचीही निघते," मावशी म्हणायच्या. "त्यावरून संसार कसा चाललाय ते कळतं का?"

मी तेव्हा मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर बघायचे. आमचे शाचो, म्हणजे मालक, सत्तरीचे. देवमाणूस, पण महाभित्रे. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली, तसा मी मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन केला आणि तिथेच घोळ झाला. इमिग्रेशन ऑफिसच्या खिडकीवर जाऊन अर्ज दिला तर कार्डाच्या मागे 'अर्ज चालू' असा शिक्का मारतात. ऑनलाइन दिला तर शिक्का नाही, नुसता ई-मेल येतो. निकाल येईपर्यंत काही काळ काम करायला कायद्यानं मुभा होती. पण कार्डावरची तारीख उलटल्यावर शाचोंनी ते पालथं करून बघितलं, तर मागची बाजू कोरी.

"शिक्का नाही," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

बेकायदा माणूस ठेवला तर मालकालाही शिक्षा होते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी ई-मेल दाखवला. तो काय, कुणीही लिहील, म्हणाले. वर कमरेत वाकून माफीही मागितली. माझा अख्खा अर्ज याच नोकरीवर उभा होता. नोकरी गेली की अर्ज गेला, आणि गाशा गुंडाळून पुण्याला परत.

मी रडत मावशींना फोन केला. "रडतेस काय, कुणी मेलंय का?" त्या म्हणाल्या. "उद्या मला घेऊन चल तुझ्या त्या शाचोंकडे."

दुसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा शाचोंपुढे सरकवून त्या म्हणाल्या, "मी काही दाखवणार नाही. तुमचा मोबाइल, कार्डाला तुम्हीच विचारा." शाचोंनी ते सरकारी ॲप उतरवून घेतलं आणि माझ्या कार्डावर मोबाइल टेकवला. वाचता येत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टेकवला. तेच. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

मावशींनी कार्ड उचललं आणि त्याच्या कव्हरातून माझा रेल्वेचा पास बाहेर ओढला. त्यामागून गणपतीचा छोटा फोटो निघाला.

"अगं, सगळं एकातच?"

"हरवू नये म्हणून, मावशी."

त्या शाचोंकडे वळल्या. "पासातही चिप असते. दोन जावा एकदम बोलायला लागल्या तर सासूला काय ऐकू येणार?" शाचो जपानी असले तरी त्यांच्या घरी दोन सुना होत्या. ते पोटभर हसले.

मग कार्ड एकटं ठेवलं. मोबाइलवर माझा फोटो उमटला, माहिती उमटली, कार्ड खरं निघालं. लगेच मावशींनी मला शाचोंसमोरच इमिग्रेशनच्या साइटवर माझं खातं उघडायला लावलं. तिथे माझ्या अर्जापुढे लिहिलं होतं, 'तपासणी चालू'.

"शिक्का आता इथे असतो," मावशी काचेवर बोट ठेवून म्हणाल्या. "ई-मेल कुणीही लिहील. सरकारच्या घरात शिरून ही ओळ कोण लिहिणार?"

शाचोंनी चष्मा वर करून ती ओळ वाचली. मग उठले आणि माझ्यापुढे वाकले. "तुमचा कॉम्प्युटर सकाळपासून बंद आहे," ते म्हणाले. "चालू करा." मला इतका आनंद झाला की मी वाकायचं विसरून त्यांच्या चक्क पाया पडले. काही आठवड्यांनी नवं कार्डही आलं.

पुढे शाचोंनीच मावशींना आमच्या भागातल्या कंपनीमालकांच्या बैठकीला नेलं. सगळे मालक झेरॉक्सच्या फायली काखेत मारून आले आणि मोबाइल हातात घेऊन गेले. दर वसंतात मग हा वर्गच सुरू झाला.

मागच्या वर्षी काका, म्हणजे मावशींचे यजमान, निवृत्त झाले आणि मावशी ठाण्याला परत गेल्या. आमची गल्ली सुनी झाली. फोनवर बोलतो, पण फोनवर चपला दिसत नाहीत.

यंदा बैठकीत शिकवायला शाचो उभे राहिले. ते कार्ड परदेशी माणसालाच मिळतं, त्यांच्याकडे कुठलं आलंय? माझंच मागून घेतलं. कव्हरातून काढलं, मागे पास नाही ना ते बघितलं, खिशातल्या रुमालानं पुसलं, टेबलावर ठेवलं. जपानीत बोलून झालं, पण त्यांचं समाधान होईना. मग मराठीत ठासून म्हणाले, "आधी विचारा, मग घाबरा."

सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. मी मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.