सारखं ‘झालं का?’

वसमतच्या हळद बाजारात आमच्या वजनकाट्यावर एक मापाडी काका आहेत. पाय हळदीने माखलेले असतात म्हणून ते माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत कधी शिरत नाहीत. दारातून फक्त मान आत घालतात आणि विचारतात, "झालं का, सायेब?"

परवा आमचा सर्व्हर रेंगाळला. त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात चार आभासी कॉम्प्युटर, चालतात आणि त्यांच्यावर मुकादमासारखा एक प्रोग्राम असतो. तोच सर्व्हरची सगळी ताकद खाऊन बसला होता. वजनाची पावती निघेना, बाहेर गाड्यांची रांग, आणि दारात काकांची मान. शेवटी मी खेकसलो, "काका, सारखं विचारलं की कामच होत नाही!" मान गेली.

मग डोक्यात उजेड पडला. मुकादमावर नजर ठेवायला मीच एक विंडो उघडून ठेवली होती आणि ती त्याला दर सेकंदाला विचारत होती, चारही ठीक आहेत ना? बिचारा उत्तरं देऊनच दमला होता. मी विंडो बंद केली आणि सर्व्हर पळायला लागला, पावत्याही निघू लागल्या.

काका लांबूनच हसले. "बगा सायेब, म्या इचारायचं सोडलं आन् झालं!"

"हो काका," विंडोचं नाव न काढता मी साहेबी आवाजात म्हणालो, "आता ध्यानात ठेवा."