बायकोनं शिकवलेलं पोहणं

शिरोलीच्या फौंड्रीत मी सुपरवायझर होतो. सगळा जन्म भट्टीच्या धगीत उभं राहून गेला. रिटायर झालो तरी जाग पहिल्या पाळीच्या वेळेलाच यायची, आणि जायचं कुठंच नसायचं. मग मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात नसत्या दुरुस्त्या काढायचो. चांगला चाललेला मिक्सर उघडला, तो परत जुळेना. हास्यक्लबात गेलो, पण सांगून हसू येईना. कुंडीत मिरच्या लावल्या, तर उगवल्या का म्हणून मातीच उकरून बघायचो. बायको कंटाळली.

एका रविवारी कागलला तिच्या भावाच्या मळ्यात गेलो. तिथंही मी बांधावर येरझाऱ्याच घालत होतो. बायको विहिरीपाशी येऊन उभी राहिली. लहानपणी मी हिच्यात दिवसदिवस पोहायचे, असं म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मी, रंकाळा तलावाच्या गावात वाढून कोरडाच राहिलेला.

"शिकणार काय?" तिनं विचारलं.

"या वयात?"

"मग काय, कामावर जायचंय तुम्हाला?"

मेहुण्यानं लगेच एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा माझ्या पाठीला बांधला. बायको ड्रेसवरच पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. तिच्यामागून मी उतरलो आणि असे हातपाय झाडले की नाकातोंडात पाणी गेलं. तिनं मला उताणं करून मानेखाली हात धरला.

"अहो, काही करू नका. नुसतं पडून राहा की."

तेच तर मला येत नव्हतं. कसंबसं अंग सैल सोडलं. कान पाण्याखाली गेले, आवाज बंद झाले, आणि पाण्यानं मला उचलून धरलं. दुसऱ्याच क्षणी भ्यालो आणि परत झाडाझाड सुरू. वरून मेहुणा म्हणाला, "दाजी, पाण्याशी भांडण हाय काय?"

आता दर रविवारी जातो. डबा सुटलाय. धापा टाकत या कडेचा त्या कडेला पोचतो. स्वभाव गेला नाही. सोमवारीच टॉवेल पिशवीत भरून ठेवतो आणि बायकोची बोलणी खातो. मागच्या खेपेला शेजारच्या मळ्यातले एक रिटायर मास्तर काठावर बराच वेळ बसून होते. शेवटी त्यांनीही शिकायचं म्हटलं. बायकोनं त्यांना डबा घेऊन यायला सांगितलंय.