ड्रमवरचं इख

"टॉक्सिक म्हणजे काय?" रोह्याच्या केमिकल कंपनीत, सेफ्टीच्या वर्गात साहेबांनी मला उभं केलं.

"इख, साहेब."

सगळी शिफ्ट हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्टूल मागवलं, मला वर चढवलं. "इख! अरे, ही जीभ गेटवर ठेवून येत जा. गावठी डोक्यात इंग्रजी शिरायला जागाच नसते. म्हण वीस वेळा, टॉक्सिक."

म्हटलं. आठव्या वेळी मीसुद्धा हसायला लागलो. माझ्याच आईच्या शब्दाला. वर वाटलं, चला, आपण सुधारलो.

सुधारलो तो असा. ड्रमवर काय लिहिलंय असं नव्या पोरांनी विचारलं, की मी ऐटीत सांगायचो, "टॉक्सिक." पोरं मान डोलवायची आणि त्याच ड्रमवर डबा ठेवायची. मीही ठेवायचो. चटणी सांडली तर बोटानं पुसून खायचो. अर्थ पाठ होता मला! पण तो शब्द डोक्यात जाऊन बसायचा, पोटात उतरायचा नाही. घरी फवारणीच्या डब्याला आई इख म्हणायची, तेव्हा आम्ही भावंडं त्या कोपऱ्याकडं बघतसुद्धा नव्हतो. दोन्ही शब्द माझ्याच डोक्यात. भीती मात्र एकातच.

जोहे गावचा दामा माझ्या जोडीला होता. गणपतीच्या आधी रजा टाकून गावात मूर्तींचे डोळे आखायचा. त्यानं ब्रश टेकला, की मूर्ती बघायला लागायची.

त्या दुपारी एका झाकणाखालून ओघळ आला. हातमोजे साहेबांच्या कपाटात. दामा सांडलेला रंग पुसावा तसा उघड्या बोटांनी पुसायला लागला. मी चार पावलांवर.

"दामा, टॉक्सिक! टॉक्सिक!"

"व्हय रं, वाचलंय," म्हणाला, आणि पुसत राहिला.

मी शहाणा, पुन्हा टॉक्सिकच ओरडलो. मग तोंडातून आपसूक निघालं, "दामा, इख हाय त्ये! हात काड!"

साप दिसल्यासारखा उडाला. तोवर उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती. आज ती हातालाच आहेत. ब्रश धरत नाहीत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं: कामगाराला धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती, त्याने ती मानली नाही. "तू टॉक्सिक ओरडलास ना? मग कर सही."

ओरडलो होतो. कागद खरा होता, म्हणूनच पेनाला हात लावला नाही. मी सही केली, की दोष दामाचा.

"नाय करणार. आधी मी तुमच्या भाषेत ओरडलो. आमच्या भाषेत उशिरा. तसं लिहा."

"परत गावठी? स्टूल आणू का?"

"आणा. वर चढून म्हणतो. सगळ्या शिफ्टला ऐकू जाऊ दे."

स्टूल आलं नाही.

दामाचा काळा रंग आणि डोळे आखायचा ब्रश आता माझ्याकडं आहे. जेवणाच्या सुट्टीत ड्रमांवर लिहितो. टॉक्सिक पुसत नाही. त्याच्याखाली, हातभर अक्षरात: इख. संध्याकाळी साहेब पुसायला लावतात. सकाळी मी परत लिहितो.

मागची शेड राहिलीय. पोरं अजून तिथं डबे ठेवतात. काल एका झाकणाखाली ओल दिसली.

आज तिथून सुरू करणार.