एका मळ्यात एकोणीस पाहुणे

सोलापूरहून मोटारीनं निघालो तेव्हा आम्ही चौघंच होतो: मी, हे आणि दोन मुली. आळंदजवळ अप्पा नावाच्या शेतकऱ्याचं मळ्यात तीन खोल्यांचं घर आहे. हुरड्याच्या दिवसांत ते आठवड्यासाठी भाड्यानं देतात. हद्दीच्या नाक्यावर शिपायानं झडतीसाठी वळकट्या सोडून पाहिल्या. बांधायच्या मात्र आम्हीच. आळंदपासून दोन कोस बैलगाडी. एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला पुरुषभर उंच ज्वारी.

मळ्यात पोचलो तर अंगणात आधीच पंधरा माणसं! कलबुर्ग्याचे एक वकील सहकुटुंब, बिदरकडचे एक मास्तर, त्यांची बायकामुलं आणि म्हातारी आई. आम्हा तिन्ही कुटुंबांना घर याच आठवड्यासाठी दिलेलं.

"अप्पा, हे काय?"

"हुरड्याला येतो म्हणणाऱ्याला कामून न्हाई म्हणू, बाई?" अप्पा निवांत.

त्यांची बायको अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "जीभ ह्येंची, हात माझे!"

परतीची मोटार दुसऱ्या दिवशी. भांडून काय मिळणार? बायकामुलं घरात आणि पुरुष गोठ्यात कडब्यावर, अशी मी वाटणी केली.

"बाई, तुम्ही तहसीलदार व्हायला हवं होतं," वकील म्हणाले.

"आधी तुमची गादी उचला," मी म्हटलं.

जेवण उत्तम होतं. कडक भाकरी, पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी), शेंगांची चटणी, घट्ट दही. पण जो तो आपल्या वेळेला जेवी. मास्तरांची आई पूजा आटोपून, वकील फिरून आल्यावर, पोरं दिवसभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का विहिरीपाशी घागर ठेवून मटकन खाली बसली.

"अक्का, जेवलात का?"

"समदे जेवल्यावर."

"आणि काल?"

"काल कुठं समदे जेवले?"

लिंगपूजा झाल्यावर, घरातला शेवटचा पाहुणा जेवला की मगच घास घ्यायचा, हा तिला सासूनं घालून दिलेला नेम. चार पाहुण्यांत तो निभत होता. एकोणीस जणांत शेवटचा पाहुणा सापडेचना. दीड दिवस बाई नुसत्या ताकावर होती.

"आता दोन घास खाऊन घ्या."

"नेम मोडायचा न्हाई, बाई."

"नका मोडू. मी पाहुण्यांना वळण लावते."

मी ताट बडवून सगळ्यांना बोलावलं. "आजपासून एकच पंगत. दिवस मावळायच्या आत, हुरडा भाजायच्या आगटीपाशी."

"मला इतक्या लवकर भूक लागत नाही," वकील कुरकुरले.

"तुमच्या भुकेचं कोण विचारतंय? अक्कांच्या भुकेचं बोलतेय मी."

संध्याकाळी आगटीभोवती सगळे बसले. अप्पा भाजलेली कणसं तळहातावर चोळून कोवळे दाणे वाढत होते. वकील सगळ्यांत मागे राहिले. आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अखेर त्यांनी रिकामं ताट उचलून दाखवलं.

"झालं, अक्का!"

अक्का हात धुऊन बसली. अप्पांनी नव्या कणसाचा हुरडा तिच्यापुढे ठेवला.

"गरम हाय की!" ती म्हणाली. मळा तिचा, ज्वारी तिची, पण गरम हुरडा तिला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

उरलेले सगळे दिवस तीच पंगत चालली. निघताना अप्पा म्हणाले, "पुढच्या साली या."

"ह्या आल्या तरच घर द्यायचं," अक्कानं बजावलं.

सोलापूरला पोचल्यावर मी भाकरी टाकल्या आणि सगळ्यांचं आधी होऊ दे म्हणून सवयीनं तव्यापाशीच थांबले. मग चार पानं घेतली, एकदम वाढली आणि चौथ्यावर मीही बसले.