बिराप्पा हवालदारांच्या दोन जन्मतारखा

१९७२ च्या जूनमधली गोष्ट. बाहेरून मॅट्रिकला बसणाऱ्यांचा वर्ग मी सकाळी साडेसहाला घेत असे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, तर सगळे मागे वळून हसत होते. शेवटच्या बाकावर खाकी गणवेशातले एक गृहस्थ बसले होते. गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून पाय वाटेत काढलेले, टोपी मांडीवर पालथी. मी नाव विचारलं. ते ताठ उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर बाकही थोडा उचलला गेला. पुन्हा हशा.

"बिराप्पा कोळेकर. तुरुंगात हवालदार हाय, गुरुजी."

त्या तुरुंगाचं नाव मी घेत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत. सांगलीपासून तो फार लांब नव्हता, एवढं पुरे. बिराप्पा जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरचे. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, मग पलटणीत गेले, आणि १९६२ पासून तुरुंगात होते. तिथे कैद्यांच्या तक्रारी, मारामाऱ्या यांची चौकशी करायला चार हवालदार नेमले होते, त्यांतले ते एक. त्या चौघांवर एक प्रमुख नेमायचा, असं चाललं होतं. प्रमुखाला मॅट्रिक लागणार होती. म्हणून हे गुडघे माझ्या बाकात आले.

त्यांचं गणित चांगलं होतं, इंग्रजी वाईट. वर्गातली थट्टा चार महिन्यांत संपली. तुरुंगातली कधीच संपली नाही.

त्याला कारण होतं. ७३ साली एका कैद्याचा हात मोडला. विहिरीच्या पायरीवर घसरला, असं सगळ्यांनी लिहून दिलं. बिराप्पांनी तो हात बघितला आणि लिहिलं की हा मार काठीचा आहे. साहेबांनी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, "दरडीवरनं पडल्यालं मेंढरू आन् काठी बसल्यालं मेंढरू, दोनी मी लहानपनापास्नं बांधल्याती. मोड येगळी आसती." डॉक्टरांनी तेच सांगितलं. काठी मारणाऱ्या अर्जुना नावाच्या शिपायाची नोकरी गेली.

तेव्हापासून त्यांच्याशी कोणी बोलेना. ते जेवायला बसले की बाकीचे डबे उचलून उठत. एकदा त्यांच्या टोपीत कोणी लेंड्या भरून ठेवल्या. त्यांनी त्या झाडाच्या बुडात टाकल्या, टोपी धुतली आणि ओलीच घालून वर्गाला आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लेंडी वाईट नसती गुरुजी. खत हाय."

या सगळ्याच्या पुढे त्या चौघांतलेच भाऊसो हवालदार असत. साताऱ्याकडचे, ऊसबागायतीतले, घरात तीन पिढ्या पलटणीत. अर्जुना त्यांचा मेहुणा. एकदा ते थेट शाळेत आले.

"गुरुजी, तुमी मेंढक्याला शिकवून आमच्या डोस्क्यावर बसवताय व्हय?"

"मी जो येईल त्याला शिकवतो. तुम्हीही या."

"आमी येत न्हाई. पर त्यो बसतोय कसा, ते बगतो."

मार्च ७४ मध्ये बिराप्पा पास झाले. पुढच्या वर्षी प्रमुखाच्या जागेची नोटीस लागली: मॅट्रिक, बारा वर्षं नोकरी, वय चाळीसच्या आत, आणि सेवापुस्तकात एकही डाग नको. चौघांत हे सगळं एकट्या बिराप्पांकडे होतं. त्यांनी अर्ज केला, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची घातली: १ जून १९३६.

पंधरा दिवसांत वर एक निनावी पत्र गेलं. पलटणीच्या कागदावर या माणसाचं जन्मसाल १९३४ आहे, मग खरं कुठलं? अक्षर कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बिराप्पांकडे खुलासा मागवला.

पेच साधा होता. ३४ खरं म्हटलं, तर वय उलटलेलं. ३६ खरं म्हटलं, तर भरतीच्या वेळी वय खोटं सांगितलं, म्हणजे डाग. सुटायची वाट एकच होती आणि ती मीच त्यांना दाखवली, हे कबूल करतो. मी म्हणालो, "पलटणीतल्या कारकुनानं चुकीचं लिहिलं, असं लिहा. तशा चुका शेकड्यांनी होतात. कोणी तपासायला जात नाही."

ते टोपी घालून उठले. दोन दिवसांनी खुलासा घेऊन आले. "एवढं शुद्धलेखन बघा, गुरुजी."

कागदावर होतं: 'भरतीच्या वेळी मी अंदाजे सोळा वर्षांचा होतो. अठरा सांगितले. कारकुनाने मी सांगितले तेच लिहिले. शाळेतली १ जून ही तारीखही खरी नव्हे. मेंढरे कोकणच्या अंगाला उतरली होती तेव्हा माझा जन्म झाला, असे आई सांगे. म्हणजे थंडीचे दिवस. तारीख मास्तरांनी अंदाजाने घातली.'

"अहो, हे १ जूनचं तरी कशाला? ते कोणी विचारलेलंच नाही!"

"कैद्याला मी म्हंतो, घडलं तसं सगळं सांग. त्यानं निम्मं सांगितलं की मला कळतंय. वाचनाऱ्याला माझंबी कळंल. आन् त्यो कारकून कवाच मेला आसंल. त्येच्या नावावर कसं घालू?"

त्यांच्याबरोबर आलेली त्यांची बायको सुलाबाई दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन वरसं मी पहाटं उठून भाकरी थापल्या, गुरुजी. ह्यास्नी मेंढरांम्होरं खरं बोलायला सांगा की, सायबाम्होरं कशाला?" बिराप्पा हसले नाहीत.

मी शुद्धलेखन तपासलं. चार चुका होत्या.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. अर्ज नामंजूर, आणि सेवापुस्तकात शेरा: भरतीच्या वेळी वयाबाबत खोटी माहिती दिली. त्या दिवशी भाऊसोंनी तुरुंगाच्या फाटकाशी जिलेबी वाटली. बिराप्पांच्या समोरही पुडा धरला आणि म्हणाले, "घे गड्या, मॅट्रिक झालास की." बिराप्पांनी एक वेढा उचलला, खाल्ला आणि पाळीवर गेले. प्रमुख म्हणून बाहेरून एक तरुण माणूस आला.

बिराप्पा हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. आता ते मिरजेजवळ थोरल्या मुलीकडे राहतात आणि दोन म्हशींची धार स्वतः काढतात.